अकरा वीसचा पान्हा

आधीच सांगते — दृष्ट, बाधा, असल्या गोष्टींची घरात सगळ्यात जास्त टिंगल मीच करते. चौदा वर्षं पनवेलच्या एका लॅबमध्ये हॉर्मोन्सच्या टेस्ट करतेय. कोण का चिडतं, का घाबरतं, का घुम्यासारखं बसून राहतं... माझ्याकडे उत्तर तयार असतं. नवरा रुसला तरी मला त्याचं कॉर्टिसॉल दिसतं!

माझी धाकटी बहीण पल्लवी आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी पनवेलला हॉस्पिटलात, काचेच्या पेटीत, तोंडात श्वासाची नळी. पल्लवी चौथ्या दिवशी रोडपालीला आमच्या आईकडे आली. आईचा नियम — बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. आणि मी, मोठी शहाणी, आईच्या बाजूने बोलले. म्हटलं, विश्रांती मिळाली की ऑक्सिटोसिन वाढेल, दूध उतरेल.

कसलं काय! थेंब नाही. डॉक्टरांना बाळासाठी आईचंच दूध हवं होतं, आणि ही दूध काढायचा पंप बाजूला ठेवून भिंतीकडे बघत बसायची.

"ताई, मला तिच्याबद्दल काही वाटतच नाही गं. चेहराही आठवत नाही."

मी घाबरले. खरंच खूप घाबरले.

सहाव्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत होते. ती एकदम ताठ झाली.

"ताई, ती रडतेय."

"कोण?"

बघता बघता गाऊन ओला झाला... पान्हा! माझी नजर घड्याळाकडे गेली — अकरा वीस. लॅबची सवय, प्रत्येक सॅम्पलची वेळ लिहायची.

हॉस्पिटलला फोन लावून विचारलं, बाळ रडतंय का. तिथली नर्स पनवेलजवळच्या कोन गावची. म्हणाली, "तुमाला कोनी सांगितलं? आमी तर अजून फोन नाय केला. आताच नळी काढली. पयल्यांदा रडली हाय पोरगी!"

आईने सगळं ऐकलं. पल्लवीच्या कानांना स्कार्फ बांधला आणि स्वतःच खाली जाऊन रिक्षा थांबवली.

हॉस्पिटलातल्या तक्त्यावर नर्सने पहिल्या रडण्याची वेळ लिहिली होती. अकरा वीस.

बाळाचं रडणं ऐकून पान्हा फुटतो, हे मीच कितीजणींना समजावलंय. पण त्यासाठी ते ऐकू यावं लागतं, आणि पनवेलपासून इतक्या लांब रोडपालीत ते ऐकू येणं शक्यच नाही. योगायोग म्हणाल? मीही आठवडाभर म्हणून पाहिलं... उत्तर अजून शोधतेय.

पल्लवीला ते नकोच आहे. त्या दिवशी पेटीत हात घालून ती लेकीला म्हणाली, "आले गं. उशीर झाला."

तो उशीर माझ्यामुळे झाला होता.