खात्रीशेठचा एक आणि माझा वीस

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माझ्या मित्राला सगळे 'खात्रीशेठ' म्हणत. नट आवळला की तो हलवून बघायचा, मग पुन्हा पाना लावायचा. त्याच्यासमोर नशिबाचं नाव काढायची सोय नव्हती.

असा माणूस फाशांच्या खेळात रमला तो त्याच्या वहिनींमुळे. त्या शिवणकाम करत. रविवारी दुपारी कापड बेतायचं टेबल रिकामं करून त्या आम्हाला गोष्टीत घेऊन जात. खात्रीशेठ कुलपं उघडणारा चोर, त्याची मुलगी तिरंदाज आणि मी, पेशानं पोस्टमन, गोष्टीत म्हातारा आचारी. अवघड काही करायचं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कसबाचे गुण मिळवायचे आणि वहिनी सांगतील तो आकडा गाठायचा. मात्र एक पडला तर कितीही कसब असो, काम फसलंच; वीस पडला तर कितीही अवघड असो, जमलंच.

त्या रविवारी चोरानं राक्षसाच्या तळघराचं कुलूप उघडायला घेतलं. त्याच्या हातचा मळ. फासा पडला. एक.

"फसलं," वहिनी म्हणाल्या.

"का म्हणून? कसब मिळवलं तर आकडा पार होतो."

"एक तो एकच, भावजी."

"माझी लिफ्ट विसातून एकदा दगा द्यायला लागली तर लोक मला दारात उभं करतील का? हा नियमच काढा, वहिनी."

"काढते. पण एकाचा गेला तर विसाचाही जाईल."

"जाऊ दे."

कुलूप उघडलं. आत राक्षस जागाच. पहिल्याच फटक्यात तिरंदाज आडवी झाली, चोर भिंतीवर आदळला. उरलो मी, हातात कढई. गाठायचा आकडा तीस, माझं लढायचं कसब दोन. मी डोळे मिटून फासा टाकला. तो गडगडत जाऊन कात्रीला अडला.

वीस.

खात्रीशेठ ताडकन उठला, खुर्ची मागे कलंडली. "पाडला. आचाऱ्यानं राक्षस पाडला."

"बावीस झाले," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तीस हवेत. नियम तुम्हीच काढलात."

मुलगी बापाकडे बघत राहिली. खात्रीशेठचे कान लाल झाले होते.

"नियम परत आणा," तो म्हणाला.

"मग तुमचा तो एकसुद्धा परत येईल. त्याचं काय करू?"

हा चोर त्यानं पहिल्या रविवारपासून जिवापाड जपला होता. तरी तो म्हणाला, "कुलूप उघडलं, पण उघडताना बिघडलं असं धरा. राक्षस पडला की दार आपटून बंद होईल. हे दोघं बाहेर, मी आत. चोर गेला तरी चालेल."

वहिनींनी मान हलवली आणि सांगायला लागल्या: कढई कशी फिरली, राक्षसाचे गुडघे कसे वाकले, धुळीत दार कसं बंद झालं. मुलगी टेबलावर चढायचीच बाकी होती. चोर गमावलेला बाप सगळ्यांत मोठ्यानं हसत माझ्या पाठीवर थापा मारत होता.

राक्षस पाडला मी, पण ती हकीकत ऐकावी त्याच्याच तोंडून. दुसऱ्या दिवशी टपाल घेऊन एका इमारतीत शिरलो, तर खात्रीशेठ नुकतीच दुरुस्त केलेली लिफ्ट अडवून, पाना कढईसारखा फिरवत वॉचमनला राक्षस दाखवत होता. वरच्या मजल्यांवरून लोक बेलवर बेल मारत होते.

"थांबा हो," तो वर तोंड करून ओरडला, "आता कुठे वीस पडलाय."