दोन दात

पेन्सिलीला टोक केल्याचा वास आला, की मला काटेवाडीतली नव्वद सालानंतरची एक दुपार आठवते. सुनेचं पहिलं बाळ चार महिन्यांचं होऊन तापानं गेलं होतं. जावळाआधी लेकराचा फोटो काढायचा नाही, दृष्ट लागते, ही आमच्या घरची रीत. त्यामुळं त्याचा एकही फोटो नव्हता. गोठा आवरला की सून चित्रकलेच्या वहीत रोज त्याचं तोंड काढत बसायची. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर धुरळा उडवत जायचे, तिची मान वर व्हायची नाही. ‘आत्याबाई, नाक असंच हुतं का वो?’ ती विचारायची. ‘जरा बसकं हुतं, तुझ्या सासऱ्यागत,’ मी म्हणायची. ती एवढंसं हसून खोडायची. ‘याड लागंल पोरीला, वही चुलीत घाल,’ शेजारीण म्हणाली. ‘तुझ्या चुलीला सरपण न्हाय व्हय?’ मी तिला घालवून दिलं. त्या दुपारी सुनेनं वही माझ्यापुढं धरली. नाक, कान, सगळं त्याचंच होतं, पण हसऱ्या तोंडात खाली दोन दात होते. ‘अगं, त्याला दात कुठं आलं हुतं?’ ‘आता आलं असतं की,’ ती म्हणाली. मी मनात महिने मोजले, आले असते. आता त्या लेकराला आठवायला गेलं, तर मला ते दोन दातांचंच दिसतं.