घरात पडून

ह्यांना त्यांच्याच दारासमोर दीड तास उन्हात बसवून ठेवलं होतं. चाकाची खुर्ची, समोर सिमेंटचा नवाकोरा रॅम्प आणि रॅम्पच्या तोंडाशी लाल फीत. फीत कापायला शेठ यायचे होते. फोटोवाला यायचा होता. माझ्या नवऱ्याला कमरेखाली काही कळत नाही. लघवीची पिशवी खुर्चीला लटकलेली असते. ती भरत आली होती. मी शेठच्या माणसाला म्हटलं, आत नेऊन आणते.

तो म्हणाला, "फीत कापल्याबिगर कसं जाता येईल? आन् ती पिशवी झाका बरं. फोटोत दिसंल."

ह्यांच्या डोक्यावर धरलेला पदर काढून मी पिशवीवर घातला. मीच झाकली. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं माझं कौतुक करायला नको.

हे गवंडी. सोळा वर्षं एकाच शेठकडे. मी त्यांच्याच हाताखाली बिगारी. माल कालवायचा, घमेली वर द्यायची. ह्यांचा ढाळ नावाजलेला होता. ढाळ म्हणजे गच्चीला, मोरीच्या फरशीला देतात तो उतार. हे नुसत्या नजरेनं काढायचे, आणि पाण्याचा थेंब थांबायचा नाही. गंगापूर रोडला शेठचा बंगला आहे. तिथं गाडी चढते तो लांबलचक उतारही ह्यांच्याच हातचा.

पडले ते तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून, उभं राहून काम करायच्या बांबू-फळ्यांच्या मचाणावरून. फळी सटकली. कमरेला पट्टा नव्हता. कधीच नसायचा. मी खाली माल कालवत होते. माझ्यापासून दहा पावलांवर पडले. तो आवाज मी कुणाला सांगू शकत नाही.

त्या दिवसापर्यंत शेठ मला "ए बाई" म्हणायचे. दवाखान्यात वहिनी म्हणाले. "वहिनी, मी आहे ना. पोलिसात, ऑफिसात कशाला जायचं? आपण घरचे." बिल त्यांनी भरलं. एक कागद पुढं केला, मी सही केली. मी सातवी शिकलेली. वाचता येत होतं. वाचलं नाही. घरच्या माणसाचा कागद कोण वाचतं?

पुढं एकदा कामगार ऑफिसात गेले होते. तिथले साहेब म्हणाले, त्या शेठकडे कामाला होते याचा पुरावा आणा. पुरावा कुठला? हजेरीच्या वहीत ह्यांचं नावच नव्हतं. सोळा वर्षांत एकदाही नाही. परत आले. शेठ आहेत ना, असं म्हणून गप्प बसले.

आमचं घर पंचवटीच्या पलीकडच्या वस्तीत. दाराला तीन पायऱ्या. पावसात नाल्याचं पाणी आत शिरतं म्हणून जोतं ह्यांनीच उंच करून घेतलेलं, चालत होते तेव्हा. आता दर वेळी मी ह्यांना पाठीवर घेऊन उतरायचं, बसवायचं, मग खुर्ची उतरवायची, पुन्हा उचलायचं. माझी कंबर गेली तेव्हा मजूर नाक्यावरच्या बायका म्हणाल्या, वर्गणी काढू, रॅम्प करू. काढलीही. थोडं कमी पडत होतं म्हणून मी शेठकडे गेले. म्हटलं, पैसे नको, सिमेंट-वाळू द्या, मी बांधते.

ते हसले. "तू बांधणार? थांब, मी ग्रुपवर टाकतो." तेव्हा मात्र "वहिनी" म्हणायचं विसरले.

त्यांचा माणूस आला. ह्यांना पाठीवरून उतरवताना माझा व्हिडिओ काढला. दोनदा काढला, कारण पहिल्यांदा ह्यांचं तोंड नीट दिसलं नाही. लोकांनी भरभरून दिलं म्हणे. मी शेठला मनातून हात जोडले. ह्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यासाठी आम्ही आठवडाभर दवाखान्यात होतो. रिक्षातून उतरलो तर रॅम्प तयार, फीत बांधलेली, भिंतीवर काहीतरी रुमालानं झाकलेलं.

ह्यांनी रॅम्प खालपासून वरपर्यंत नजरेनं मोजला. मग हळू म्हणाले, "ढाळ चुकलाय. लई उभा झालाय. ही स्कूटर चढवायची सोय झाली."

मी म्हटलं, गप बसा, मिळतंय ते घ्या. हेही मीच म्हटलं.

शेठ आले. फीत कापली. रुमाल ओढला. टाळ्या. रुमालाखाली संगमरवराची फरशी होती, काळ्या अक्षरांची. ह्यांना अक्षरओळख नाही. विचारलं, "काय लिहिलंय गं?"

मी वाचायला लागले. घरात पडून अपंगत्व आलेल्या आमच्या जुन्या कामगारास सप्रेम भेट. खाली शेठचं नाव, कंपनीचं नाव.

पुन्हा वाचलं, मोठ्यानं, वस्तीला ऐकू जाईल असं. घरात पडून. आम्ही घरचे झालो होतो, म्हणून हे घरात पडले. दवाखान्यातल्या त्या कागदावर काय होतं, ते मला त्या क्षणी कळलं. ह्यांचं रक्त मी ह्या हातांनी पुसलं होतं, आणि ज्याला देव मानलं त्यानं ती जागाच पुसून टाकली. मला इतकं कुणी कधी फसवलं नव्हतं.

शेठ माझ्या कानाशी आले. "वहिनी, शब्दांत काय अडकता? साइट म्हटलं की लोक शंभर प्रश्न विचारतात."

दोन पोरं ह्यांची खुर्ची ढकलायला पुढं झाली. फोटोवाला तयार होता. ह्यांनी दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरली.

"मला ह्यावरून नेऊ नको," हे मला म्हणाले. "मी तिसऱ्या मजल्यावरून पडलोय."

रॅम्पच्या बाजूला जुन्या पायऱ्यांची हातभर जागा उरली होती. मी ह्यांना पाठीवर घेतलं. पिशवी दातांत धरली, उघडी, सगळ्यांसमोर. तीन पायऱ्या चढले. तो फोटो कुणी काढला नाही.

लोक पांगले. मी ह्यांच्या हत्यारांच्या पोत्यातून छिन्नी-हातोडी काढली. फरशी फोडायचीच होती. भिंतीजवळ गेले, पुन्हा एकदा वाचलं, आणि हात थांबला. आमच्या जुन्या कामगारास. हजेरीच्या वहीत जे सोळा वर्षांत लिहिलं नाही, ते शेठनं स्वतःच्या नावानिशी दगडात कोरून दिलं होतं.

आतून हे सांगत होते, "कडंनं ठोक. मधी नाय. हळू." फरशी अख्खी निघाली. कोपरासुद्धा उडाला नाही.

रॅम्प मी तोडणार आहे. नाक्यावरच्या बायका येणार आहेत, ह्यांच्या नजरेखाली नवा करू, ढाळ बरोबर धरून. पण ते नंतर. फरशी गोणपाटात बांधून ठेवली आहे. सोमवारी ती डोक्यावर घेऊन कामगार ऑफिसात जाते आहे. आजवर लोकांच्या विटा वाहिल्या, आता ही वाहीन. त्यावरचा एक शब्द खरा आहे, कामगार, तो मी साहेबांना दाखवीन. दोन खोटे आहेत, ते मी खोडणार नाही. ज्यानं कोरले, त्यालाच खोडायला लावीन.