पाटा इकडे, वरवंटा तिकडे

भूतखेत, करणी, भानामती, यातलं काहीच मी मानत नाही, हे आधीच लिहून ठेवतो. आमच्या गावात एका बाईच्या अंगात यायचं. सगळे पाया पडत होते तेव्हा मी तिच्या पायाला बाभळीचा काटा टोचून पाहिला. बाई ओरडली, अंगातलं निघून गेलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. असा मी माणूस. शाळा चौथीपर्यंत, पण हे स्वतःच्या हातानं लिहून राहिलो. दुसऱ्याला सांगून लिहवलं असतं तर त्यानं आपल्या मनाचं घातलं असतं...

गाव आमचं दिग्रस तालुक्यात. घर एकच होतं, मधात भिंत घालून दोन केले. उगवतीकडचं माझं, मावळतीकडचं धाकट्या भावाचं, म्हणजे वामनचं. वाटणीच्या दिवशी पंच बसले, भांडीकुंडी, बैल, दारं, सगळं अर्धं अर्धं झालं. शेवटी पाटा-वरवंटा उरला. वामन म्हणाला, दादाला दोन्ही राहू द्या. मी म्हटलं, मला कोणाचा उपकार नको, अर्धं म्हणजे अर्धं. पाटा मी ठेवला, वरवंटा त्याच्याकडे गेला. पंच हसले. हसोत. हिशोबानं ते बरोबरच होतं, आजही बरोबरच म्हणतो.

माय तिथंच बसली होती. रीतीनं ती थोरल्याकडे, म्हणजे माझ्याकडे राहणार होती. ती उठली, वरवंटा उचलून कमरेवर घेतला, लेकरू घ्यावं तसा, आणि मला म्हणाली,

"असी वाटनी नसतेच."

एवढं बोलून ती वामनच्या दारात शिरली. मरेपर्यंत तिकडेच. आम्ही दोघंच असताना वाटणीचा विषय निघाला की दरवेळी हेच चार शब्द... म्हणजे तीनच, पण मला चारासारखे लागायचे.

त्यानंतर सगळं तिकडेच गेलं म्हणा. पाणी त्याच्या विहिरीला. माझं मांजर दूध प्यायला त्याच्याकडे. कापसाचे ते वाईट साल आले, बोंडअळीनं आणि पडलेल्या बाजारभावानं सगळ्यांनाच लोळवलं, तरी त्याच्या वावरातल्या पऱ्हाट्या माझ्यापेक्षा हातभर उंच. त्याची दोन पोरं गावात, डोळ्यासमोर. माझा एकच, गजानन, आणि तो म्हणे पुण्याला जातो, सिक्युरिटीत. "बाबा, कापसात आता काई राह्यलं नाई." मी म्हटलं, मग कापूस सोडून दुसरं काही कर, पण इथं कर. वामनचे दोन्ही इथं आणि माझा एकुलता पुण्याच्या कुठल्या फाटकावर काठी घेऊन उभा... हे मला सोसणारं नव्हतं.

म्हणून दिग्रसला कापसाची सरकी काढायची एक जिनिंग बंद पडली तेव्हा तिथल्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर गजूनं आणला. ओसरीत ठेवला. लग्नपत्रिका, पोरांचे निकाल, बाजारातले कापसाचे भाव, सगळं तो त्यावर काढून द्यायचा. लोक भिंतीच्या या बाजूला येऊ लागले. मी मुद्दाम अंगणात खाट टाकून बसायचो, वामनच्या ओसरीतून दिसेल असा.

मग त्यात व्हायरस शिरला. गजूच्या दोस्तानं यवतमाळहून लिनक्सची सीडी दिली, म्हणाला यात व्हायरस येत नाही. गजूनं ते टाकलं. सीडी आत असली की छान चालायचं. सीडी काढून चालू केलं की काळा पडदा आणि इंग्रजीत पांढरी ओळ. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. लोक येऊन परत जाऊ लागले. गजूचं तोंड उतरलं, पुण्याचा विषय पुन्हा निघाला.

एक दिवस मी विचारलं, लिहिलं काय आहे ते तर सांग.

"नो सच पार्टिशन."

पार्टिशन मला माहीत आहे, तलाठ्याच्या तोंडून आयुष्यभर ऐकलं. "पार्टिशन म्हंजे वाटनीच ना?"

"हो, पण ही डिस्कची वाटनी, बाबा. आपली नाई."

"आन् सगळं मिळून काय म्हनते?"

तो वैतागला होता. न बघताच बोलला, "म्हनते का, असी वाटनी नसतेच."

मी पडद्यावरची ती ओळ बोटानं पुसून पाहिली. गजू तेव्हा रांगत होता, वाटणीच्या वेळचं त्याला काही ठाऊक नाही. त्याच्यासमोर तो शब्द मी कधी काढला नाही.

योगायोग, म्हटलं. मी मानत नाही ना...

दुसऱ्या दिवशी दुपारी वामन धाकट्या पोराचा निकाल काढायला आला. आल्या आल्या खाटेवर टेकला. गजूनं बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर सरळ सुरू! निकाल निघाला, वामन गेला. संध्याकाळी लाइन जाऊन आली, तर पुन्हा काळा पडदा. गजू म्हणाला, व्होल्टेज. असेल. म्हणून मी पारखून पाहिलं. तंबाखूच्या निमित्तानं वामनला हाक मारली. सुरू. तो उठून गेल्यावर बंद करून पाहायला लावलं. बंदच. कधी बियाणं विचारायला बोलावलं, कधी बैलाचा खूर दाखवायला. दरवेळी तेच. वामनला तर वाटलं दादाला माया फुटली. तो हरखून येऊन बसायचा, पान खायचा.

माझ्या अंगाची आग व्हायची. घर माझं, वीज माझी, पोरगा माझा, आणि यंत्र ऐकतं कोणाचं? त्याचंच!

मग वामन गेला पुसदला, मुलीकडे, जावयाच्या घराचं बांधकाम होतं. कॉम्प्युटर मेला. गजूनं पुन्हा सगळं केलं, सीडी फिरवून फिरवून झिजली. शेवटी एका सकाळी त्यानं बॅग भरायला घेतली. मी दारात उभा होतो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, पण याला झालं काय नेमकं?

कपडे कोंबता कोंबता तो म्हणाला, "अर्धं एका जागी हाय, बाबा, अर्धं दुसऱ्या जागी. पयलं जागं होते आन् दुसऱ्याले शोधते. त्याचा पत्ता लागत नाई, त अडून बसते."

माझी नजर न्हाणीकडे गेली. तिथं पाटा पडला होता. इतकी वर्षं गजूची माय त्यावर कपडे आपटत होती.

मी मानत नाही. पण पाय तिकडे वळले. वामनच्या अंगणात भावसून एकटीच होती, धाकट्याची बायको. आमच्यात भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, भावसुनेशी तोंडातोंडी बोलायची रीत नाही. तिनं पदर घेतला, पाठ केली. मी तिच्या बकरीकडे पाहून म्हटलं, "वरवंटा पाह्यजे होता."

ती पण बकरीलाच म्हणाली, "सांग वं त्याइले, माय होती तवा मांगतला असता त तिनं स्वताच्या हातानं आनून देला असता." पण आत जाऊन घेऊन आली, उंबरठ्यावर ठेवून मागे सरली.

मी तो धोतराच्या सोग्यात घेऊन आलो. पाटा धुतला, पुसला, त्यावर वरवंटा ठेवला. दगडावर दगड टेकल्याचा आवाज झाला, बस. तेवढ्यात ओसरीतून गजू म्हणाला, "बाबा, कोनी हात लावला का याले?" निघण्याआधी एकदा म्हणून त्यानं बटण दाबलं होतं. पडद्यावर सगळं आलं होतं, रंगासकट. सीडी बाहेर होती. वामन पुसदला.

ती पांढरी ओळ नंतर कधीच आली नाही. गजूनं बॅग रिकामी केली. आज त्याचं दिग्रसला स्वतःचं दुकान आहे, रोज मुक्कामाला घरी येतो. तो म्हणतो केबल ढिली होती, आपोआप बसली. ढिली केबल माणूस पाहून बसते का?

वामन परत आला तेव्हा बायकोनं त्याला वरवंट्याचं सांगितलेलं, पडद्यावरच्या ओळीचं मी सांगितलं. खाटेवर न बसता तो पाट्याजवळ उभा राहिला. वरवंट्यावरून हात फिरवला.

"दादा, शेवटच्या दुखन्यात मायचं हागनंमुतनं मी काढलं. ती गेल्यावर एक सपन नाई, एक भास नाई. बोलली त तुह्याच घरी बोलली."

त्याच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं. आयुष्यभर आरशात पाहिलेलं होतं ते. खोटं कशाला लिहू, त्या दिवशी मला भाकर गोड लागली.

कॉम्प्युटर कधीचा भंगारात गेला. वरवंटा माझ्याकडेच आहे. त्यानं मागितला नाही, मी दिला नाही. भावसून चटणी वाटायला इकडेच येते आणि बकरीच्या नावानं मला टोमणे मारते.

फक्त एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. यंत्र सुरू झालं ते वामन आल्यावर, नाहीतर वरवंटा आल्यावर. म्हणजे तोवर माय होती ती तिकडेच.