वीणेकऱ्याचे पाय

पणदऱ्यात ज्या माणसाच्या पायांवर अख्खे गाव डोके ठेवी, त्यालाच आपल्या पायांची खबर नव्हती.

रावजीतात्या सप्ताहातले वीणेकरी. वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ती ज्याच्या गळ्यात, तो अनवाणी उभा, आणि जो उभा, तो देवाच्या ठिकाणी. वर्षभर बांधावरून भांडणारे भाऊबंदसुद्धा त्या प्रहरात तात्यांच्या पायांशी वाकत. देवाने या माणसाला गळा दिला, ऊस दिला, दुभत्या म्हशी दिल्या आणि वर मधुमेह दिला. देताना त्याने हात म्हणून आखडला नाही.

पण तात्या देवाहून धूर्त. तपासणी आली की आधीचे चार दिवस कारल्याचा रस. उपाशीपोटीची साखर सज्जनासारखी खाली येई, आणि त्याच संध्याकाळी घरात जिलेबी येई.

सून वृषाली बारामतीत एका लॅबमध्ये कामाला. ती म्हणायची, "तात्या, चार दिवसांची साखर फसवता येती, तीन महिन्यांची न्हाय. आन् शिरांच्या अस्तराला सूज आलीय का, तेबी रक्तातच कळतं. द्या की एकदा."

"अस्तर? मी काय गोधडी हाय व्हय?"

खरी भीती वेगळी होती. कागद वाईट आला, तर वीणा जळोचीच्या संभाजीरावांच्या गळ्यात जाईल. संभाजीरावांचा आणि सुराचा परिचय नव्हता. पण बोका शिंक्याकडे बघतो, तसे ते वीणेकडे बघत.

यंदाच्या सप्ताहात कीर्तनाची सेवा माझी होती. दुपारच्या पहाऱ्याला वृषाली सासऱ्यांच्या पाया पडायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली. रांग खोळंबली.

"अगं, किती पुण्य घेतीस?" मागून फुलाबाई ओरडली. "आमाला ठेव की थोडं!"

वृषालीच्या बोटांना पाऊल गार लागले होते, आणि टाचेत मांडवाचा खिळा डोक्यापर्यंत रुतलेला. वर तात्या डोळे मिटून डोलत होते.

"तात्या, खिळा!"

"कुठं?"

"टाचेत!"

"कुणाच्या?"

"तुमच्याच!" सिंधुबाई नवऱ्यावर कडाडल्या. "दुसऱ्या कुणाचं पाय हितं फुकट धरत्यात?"

डॉक्टर धावत आले. तात्या म्हणाले, पहारा संपल्याबिगर वीणा सोडणार न्हाय. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "वीणा टेकायची नाही. वीणेकरी टेकला तर चालतो." खुर्ची आली. डॉक्टरांनी खिळा काढला, वृषालीने दंडातून रक्त घेतले. तात्यांच्या चिपळ्या तेवढ्यापुरत्या संभाजीरावांनी धरल्या. त्यांच्या हाती तेवढेच लागले.

तीन महिन्यांच्या साखरेने कारल्याचे बिंग फोडले. सूज सांगणारे सीआरपीही चढलेले.

"त्ये खिळ्यामुळं आसंल," तात्या आशेने म्हणाले.

"असेलही," डॉक्टर म्हणाले. म्हणून जखम भरल्यावर पुन्हा रक्त घेतले. तरी चढलेलेच. पायांची तपासणी झाली. शिरा अरुंद झालेल्या, साखरेने पाय बधिर झालेले. औषधे सुरू झाली, जिलेबी बंद झाली आणि हुकूम निघाला: अनवाणी एक पाऊलही नाही.

तात्या रडले. पायासाठी नव्हे. "अनवाणी न्हाय, म्हंजी वीणा न्हाय."

देवापुढे चप्पल चालत नाही, हा नियम एकादशीच्या भजनात संभाजीरावांनी तीनदा मोठ्याने आठवला. मायबापहो, मी त्या सावळ्याकडे बघितले. कमरेवर हात ठेवून मजेत उभा! मी म्हणालो, "ज्याच्या स्वतःच्या पायाखाली वीट आहे, त्याने दुसऱ्याच्या पायाखालच्या रबरावर बोलू नये."

तो बोलला नाही. गाव हसले. तात्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मऊ, निळ्या, कोऱ्या चपला घालून वीणा घेऊन उभे राहिले. दमले की खुर्ची होतीच. फुलाबाईने चपलांनाच हळदकुंकू वाहिले, वर पेढा ठेवला. तात्यांची नजर पेढ्यावरून हलेना. सिंधुबाईंनी तो उचलला आणि तोंडात टाकला.

आता रोज संध्याकाळी ओट्यावर वृषाली सासऱ्यांचे पाय मांडीवर घेते, एकेक बोट उघडून बघते, टाचेवरून हात फिरवते. रस्त्याने जाणारे म्हणतात, सून मोठी भाविक आहे.

आहेच.