जिलेटीनशिवायचं बक्षीस

आमच्या स्फाक्स शहरातल्या शाळेत वर्षअखेरीला प्रत्येक वर्गातल्या पहिल्या तिघांना पुस्तकं मिळतात. जाडजूड, चुरचुर वाजणाऱ्या जिलेटीन कागदात गुंडाळलेली. घरी गेली की कागदासकट काचेच्या कपाटात उभी राहतात. माझ्या माहेरच्या कपाटात अशी दोन आहेत. आत काय आहे, देव जाणे.

या पुस्तकांची निवड शाळेची ग्रंथपाल मोंजिया हिच्याकडे आली आणि तिने पहिल्याच वर्षी जिलेटीन बंद केलं. मी तिची शेजारीण, त्याच शाळेतून निवृत्त झालेली, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी ती छोट्या प्रकरणांची, अधूनमधून चित्रं असलेली पुस्तकं घ्यायची, तीही स्वतः वाचून. रव्याचं कुसकुस वाफवायला शेगडीवर ठेवायची आणि वाचायला बसायची. पहिली वाफ येईपर्यंत एक प्रकरण संपलं नाही, तर पुस्तक बाद. पानापानावर चित्रं असली तरी बाद. मग मूल वाचत नाही, नुसतं बघतं. आणि गोष्टीतल्या विहिरीत कोण पडलं हे मजकुराआधी चित्रानेच सांगून टाकलं, तर त्या चित्रकाराचा उद्धार मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

पण ही पुस्तकं दिसायला बारकी. पालक समितीतले तेलाचे व्यापारी हमादी बक्षीस समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयात आले. त्यांची इंसाफ पहिली आली होती.

"मोंजियाबाई, पोरगी पहिली आली आणि हातात हे? औषधाच्या खोक्यातला कागद याहून मोठा असतो."

"तिने वाचलं का?"

"दोनदा. तोच तर वैताग. कोपरे दुमडले, आता कपाटातही ठेवता येत नाही."

मुख्याध्यापक नूरी समितीला टरकून असतात. त्यांनी तोडगा काढला: पुढच्या वर्षी पहिल्या दोघांची पुस्तकं पुस्तकांचा दुकानदार निवडून देईल, तिसऱ्याचं मोंजिया. पुन्हा तक्रार आली तर तेही जाईल.

मोंजिया घरी येऊन गरजेपेक्षा कितीतरी जास्त कांदे चिरत बसली. मी म्हटलं, "बये, जाड पुठ्ठ्याची घे आणि मोकळी हो."

"मग मी निवडायचं काय? वजन?"

पुढच्या जूनमध्ये इंसाफ पुन्हा पहिली. तिला लाल जिलेटीनमधलं धोंड्याएवढं पुस्तक मिळालं. तिसऱ्या आलेल्या झियादला मोंजियाचं. नूरींचं भाषण लांबलं तशी ही पोरगी उठून झियादशेजारी जाऊन बसली. फोटोसाठी हमादी आले, तर तिच्या मांडीवर बारकं पुस्तक.

"तुझं कुठंय?"

"हेच. झियादला मोठं हवं होतं, त्याच्या आजीला दाखवायला."

"अगं, ते तिसऱ्याचं आहे."

"बाबा, थांबा ना. एवढं प्रकरण संपू दे."

हमादी हातात फोन घेऊन थांबले. शेवटी काढलेल्या फोटोत इंसाफची मान खालीच आहे.

समितीच्या बैठकीत नूरींनी दुकानदाराचा विषय काढला, तेव्हा हमादीच म्हणाले, "तिन्ही मोंजियाबाईंनाच द्या. नाहीतर माझी पोरगी पुढच्या वर्षी मुद्दाम तिसरी येईल."

मोंजियाने काम परत घेतलं. समितीवाले वरून फीत बांधू म्हणाले, ती तिने चालवून घेतली. जिलेटीन नाही.