टायरराव आणि वीस इंची चाकं

टायरराव माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. गाडी दुकानासमोर थांबली की ते उकिडवे बसत, टायरवरून तळहात फिरवत आणि खाली मान घालूनच बोलायला सुरुवात करत. गाडी कुठे फिरते, कोण चालवतं, ब्रेक किती जोरात मारतं, हे त्यांच्या हाताला कळायचं. ते मान वर करत तोवर त्यांना आपल्याबद्दल बरंच काही ठाऊक झालेलं असे. आपल्याला मात्र त्यांचं नावही माहीत नसे.

ईशान, रेवा, तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर आपल्या मोठ्या गाडीसाठी वीस इंची काळी चाकं निवडली होती. ती मिळाली नाहीत, असं मी तुम्हांला सांगितलं. ते खरं नव्हतं. खरं काय ते सांगायचं तर टायररावांबद्दल लिहावं लागेल. बाबा तुम्हांला हे वाचून दाखवतील. त्यांना ते माहीत आहे, पण पुन्हा ऐकू दे.

ती गाडी बाबांनी घेतली, कारण तुम्ही आलात की सगळ्यांना एका गाडीतून फिरता यावं. ती चालवायचे आजोबा. आजोबा गेले, तुम्ही कॅनडाला परत गेलात, आणि महिन्याभराने बाबा फोनवर म्हणाले, "आई, गाडी चालत नसेल तर विकून टाकू." मी सांगितलं, दर रविवारी चालते. आमचा वॉचमन रविवारी खाली दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायचा. त्यालाच मी चालणं म्हणत होते. गाडी गेली तर तुम्ही आल्यावर टॅक्सीने फिराल, मग सोयीचं म्हणून हॉटेलात उतराल, आणि मग कधीतरी यायचंच राहून जाईल, अशी मला भीती होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. अशी तीन वर्षं गेली. दर शुक्रवारी मी चारही टायर पुसून त्यांना खोबरेल तेल लावत असे. काळेभोर, नव्यासारखे दिसत.

डिसेंबरात तुम्ही येणार म्हणून बाबांनी चाकं बदलायला सांगितली. तासावर ड्रायव्हर बोलावून मी अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या दुकानात गेले. वाटेत गाडी खालून धपधप करत होती. टायरराव बसले, हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि मराठीत म्हणाले, "तेल डोक्यास लावायचं, अक्का. टायरास नव्हे."

मी मराठी आहे हे त्यांनी ड्रायव्हरशी चाललेल्या माझ्या तमिळवरून ओळखलं होतं. त्यांची मराठी तंजावरची. तीनशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखातून निघालेली, जुन्या पोथीतली वाटावी अशी, आणि चाल सगळी तमिळ. 'मला' नाही, 'मज' म्हणत. हवेला मात्र 'कात्तु'. पहिल्या दिवशी मी त्यांचं एक वाक्य सुधारलं. शाळेत इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईची खोड. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचं वाक्यही तसंच म्हटलं.

मग त्यांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे मला वाचायला लावले. टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला, ते त्यात असतं. "नक्षी नवी आहे, रबर म्हातारं झालंय. एका जागी बसून चपटं पडलं. ही गाडी उभी असते." मला राग आला. मी इंग्रजीत म्हणाले की मी चाकं घ्यायला आले आहे, चौकशीला नाही. ते "सरी" म्हणाले, म्हणजे बरं. चपट्या जागेवर हात तसाच ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "गाडी कुणाची वाट बघते?"

मी मोबाइलमधला वीस इंची चाकांचा फोटो पुढे केला.

त्यांनी फोटो नीट पाहिला. छान आहेत म्हणाले. मग समजावलं: बाहेरचा घेर आहे तेवढाच ठेवावा लागतो, नाहीतर वेगाचा काटा खोटं सांगतो. म्हणजे आतली धातूची चकती मोठी घेतली की रबर तेवढं पातळ होतं. रबर हीच गादी. नोव्हेंबरात, इकडच्या पावसात, रस्त्यावर पाणी साचलं की खड्डा दिसत नाही, पातळ रबराला तिथे फुगवटा येतो. अठरा इंची चाक, वर जाड रबर, असं त्यांचं मत.

पण ते मत देऊन थांबत नसत. गिऱ्हाइकाला मागच्या सीटवर बसवून स्वतः गाडी चालवायची, हा त्यांचा शिरस्ता. "घेणारा पुढं बसतो, धक्का मागच्यास लागतो," असं म्हणायचे. दुकानात एक वीस इंची चाकांची गाडी आलेली होती. तिच्या मालकाला विचारून त्यांनी मला मागे बसवलं आणि मागच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून नेलं. माझं कंबरेचं दुखणं तुम्हांला माहीत आहे. पुढचं सांगत नाही.

त्या दिवशी पेरुंगुडीच्या आयटी कंपनीतला एक पुण्याचा मुलगाही होता. त्याला जंगलात, चिखलात चालतात तसले दांडगे टायर हवे होते. टायररावांनी विचारलं, कुठं जातोस? ऑफिस आणि मॉल, तो म्हणाला. "मग ह्या टायरांस चिखल कोण दाखवणार?" मुलगा स्वतःच हसला आणि साधे टायर घेऊन गेला.

मी अठरा इंची घेतले. तुम्हांला खोटं सांगितलं, कारण खरं सांगायला जुने टायर का टाकले तेही सांगावं लागलं असतं. टायररावांनी बजावलं, दर रविवारी निदान वीस किलोमीटर, नाहीतर हेही बसतील. ड्रायव्हर मिळत नाही म्हटलं, तर म्हणाले, "तुम्हांस हात आहेत ना?" लायसन्स माझ्याकडे होतं, सवय गेली होती; चार रविवार ते माझ्या शेजारी बसले. आजोबांची सीट मला दोन बोटं पुढे ओढावी लागली, तेव्हा थोडा वेळ मी स्टिअरिंग धरून नुसती बसून राहिले. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

डिसेंबरात बाबांना सुट्टी मिळाली नाही. तुम्ही आला नाहीत. त्या रविवारी मी हवा तपासायला गेले आणि त्यांना हे सांगितलं. त्यांनी समजूत घातली नाही. चारही चाकांची हवा दोनदा तपासली, एवढंच. नंतर माझ्या लक्षात आलं, ते नेहमीच दोनदा तपासायचे, म्हणजे मी आणखी थोडा वेळ बसेन. त्यांची बायको गेल्यापासून घरात तमिळच होती. मुलांना मराठी समजत होती, पण तोंडातून निघत नव्हती. दहा मिनिटांचं काम आम्हांला पाऊण तास पुरायचं. त्यांची वाक्यं सुधारणं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

गेल्या पावसात ते दुकानातल्या ओल्या फरशीवर घसरून पडले. थोरल्या मुलाने दुकान बंद करून त्यांना होसूरला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. निरोप घ्यायला गेले तेव्हा ते काठी धरून स्टुलावर बसले होते. मी विचारलं, तिथे मराठीत कुणाशी बोलाल? ते म्हणाले, "सून शिकते आहे. 'जेवलांत का' एवढं येतं तिला." मग जरा थांबून, "मज पुरे तेवढं." माझ्या गाडीकडे त्यांनी हात केला आणि टायर चांगले राहिलेत म्हणाले. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे फोनही नाही.

घरी आल्यावर मी बाबांना फोन लावला. तीन वर्षं गाडी उभी होती आणि मी तुला चालते असं सांगत होते, हे एका दमात सांगून टाकलं. का सांगत होते, तेही सांगितलं. बाबा म्हणाले, "आता विकायची आहे का तुला?" मी म्हटलं, नाही, आता मला ती लागते. तुम्ही याल तेव्हा या.

गेल्या रविवारी मी एकटीच पुलिकतच्या सरोवरापर्यंत जाऊन आले. मागच्या दोन्ही रांगा मी दुमडून ठेवल्या आहेत, म्हणजे रिकाम्या सीट आरशात दिसत राहत नाहीत. उघडायला एक मिनिट लागतं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.